डाव्या दाराचा ओरखडा

४ फेब्रुवारी १९७९, पूर्णा

ओरखडे! डाव्या दारावर दोन, मडगार्डवर एक. गाडी घेऊन महिना झाला नाही. फियाट जुनी असेना, पण रंग कोरा करून घेतला होता!

पारू म्हणते, "बाभळीचा काटा लागला असंल." माझी बायको कुणावर संशय घेतच नाही. काटा कधी अशी सरळ रेघ ओढतो का? हे खिळ्याचं काम. माझ्या दवाखान्यासमोरच्या आबासाहेबांना माझी गाडी खुपायलीय, मला काय कळत नाही?

पंचवीसला गावी चंद्रभानकाकाच्या पोरीचं लग्न. आईला पुढच्या सीटवर बसवून चावडीसमोरून नेणार. गेल्या पावसाळ्यातल्या दंगलीत सवर्णांनी आमच्या वस्तीतली घरं जाळली, त्याच गावात! तोवर गाडीवर एक रेघ ठेवणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

६ फेब्रुवारी

सुताराचा काचपेपर आणला आणि कोरडाच घासला. रेघ तिथंच! वर तळहाताएवढा पांढरा डाग. पारू — "पेशंटलाबी असंच करता का?"

११ फेब्रुवारी

नांदेडहून वॉटर पेपर, खाचा बुजवायची लांबी, रंगाची डबी आणली. दवाखाना बंद. सकाळपासून अंगणात बैठक. कागद पाण्यात भिजवायचा, हलक्या हातानं घासायचं. रेघेत लांबी भरली, सुकू दिली, पुन्हा घासली. मग रंगाचे पातळ हात — एक वाळला की दुसरा. पाठीचा काटा ढिला झाला.

आई ओट्यावरून बघायली होती. "झालं की रं. किती चमकवायलास?"

"अजून लय बाकी आहे," म्हटलं.

१४ फेब्रुवारी

पॉलिश केलं. दारात माझं तोंड दिसायलंय! काय सांगू, लहान पोरासारखा नाचलो. आईनं दारावरून हात फिरवला. रात्री जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. तपासलं, काही नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा ओरखडा. तेच दार!

आबासाहेबांच्या घरी निघालोच होतो. पारूनं दंड धरला. "पाह्यलंय का तुमी? न बघता कुनाचं नाव घ्यायचं न्हाई." बरं. नाही घेत. पण मीही हटणार नाही. कागद, पाणी, लांबी — पहिल्यापासून.

१८ फेब्रुवारी

रंगाचा शेवटचा हात.

२२ फेब्रुवारी

दुपारी लवकर घरी आलो. गाडीआड आई. हातात खिळा, दारावर नवी रेघ.

माझं डोकंच फिरलं. ओरडलो — "नजर लागते म्हणून? आई, बौद्ध झाल्यावर आपण हे सगळं सोडलंय ना!"

आई खालीच बसली. "नजरंचं कोन म्हनायलंय, लेकरा? नवं दिसलं की जाळतेत. गाडी जुनीपानी दिसली तर म्हनतेल, आनली असंल कुनाची तरी मागून."

पंधरा दिवस मी आबासाहेबांना मनात शिव्या घालत होतो. लाज वाटली. आईच्या हातातला खिळा काढून घेतला आणि म्हटलं, "राहू दे. एसटीनं जाऊ." रडू आलं. मागच्या दारी गेलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी आईनं बादली भरली, अंगणात नेली. "दे इकडं त्यो कागद. मीच वढलीय, मीच घासते. भिऊन एसटीनं जायचं न्हाई." तासभर घासत होती, मी नुसतं पाणी ओतलं, मग रंगाचा हात दिला. रेघ गेल्यावर म्हणाली, "उद्या चावडीम्होरं गाडी हळू चालीव."