भैरोबा होडीत बसलाय

राजमान्य सोपानराव यांस, उजनीच्या काठावरून महिपतीचा रामराम.

तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असेलच. बारामतीत माणूस आजारी पडला तरी सोयीनं पडतो. गुडघा काय म्हणतो? बिल्डिंगची लिफ्ट चालू असते ना? पाणी दोन्ही वेळा येतं ना? (सहज विचारतो.)

इकडं धरणाचं पाणी आटलं आणि बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं. अशा वेळी भैरोबाची पालखी नव्या देवळातून जुन्या देवळात न्यायची, चार घरांनी चार खांदे द्यायचे आणि एकदा उठलेली पालखी जुनी पायरी शिवल्याशिवाय माघारी आणायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही आता शहरातले, म्हणून सांगितलं. चारातलं विजयसिंहाचं घर पुण्याला गेलं. त्यानं खांद्याच्या जागी जोडलेल्या हातांची चित्रं मोबाइलवर धाडली आणि वर पालखी 'लाइव्ह' दाखवा म्हणाला. तुमच्या घरातर्फे तुम्ही चिरंजीव ऋतिकला पाठवलंत. उरलो म्हस्कूआबा (ज्यांना खाटेवरनं उठवायला सून सिंधुबाई लागते) आणि मी.

विजयसिंहाच्या जागी मी रामप्रवेशला उभा केला. हा बिहारचा, धरणात मासे धरतो, बायकापोरांसह इथंच राहतो. म्हस्कूआबा तडकले. "परक्याचा खांदा देवाला चालत न्हाय!" मी म्हटलं, आबा, दोन वर्षांत वस्तीवर बारसं एकच झालं, तेही ह्याच्या घरी. घुगऱ्या तुमीच दोनदा मागून खाल्ल्या. मग आबांनीच त्याला दांड्याकडं बोट दाखवलं. ज्या गावात पाळणा फक्त परक्याचा हलतो, तिथं परका कोण, हे गाव सोडून गेलेल्यांनी तरी ठरवू नये.

पालखी उठली. तुमच्या चिरंजिवांचे दंड बघून मला वाटलं, हा एकटाच नेईल. (ते दंड म्हणे जिममध्ये पैसे भरून मिळतात.) पण एका हातात पालखीचा दांडा आणि दुसऱ्यात मोबाइल! शिवाय पायात पांढरेशुभ्र बूट. गाळात पाच पावलं गेलो आणि एक बूट आत राहिला. त्यासरशी तो देव सोडून बुटासाठी वाकला. पालखी कलली, आबा बसले ते बसलेच, आणि ऋतिक कमरेपर्यंत आत. मागून रामप्रवेश शांतपणे विचारतो, "काका, आधी कुणाला धरू? देवाला का भाऊला?" मी म्हटलं, देवाला धर, भाऊचा बाप बारामतीत आहे.

माघारी नेता येईना, पुढं जाता येईना. शेवटी पालखी माझ्या होडीत ठेवली. होय, तीच, जिच्यातून मी पुण्याच्या लोकांना फ्लेमिंगो दाखवून घर बांधलं. तेव्हापासून भैरोबा होडीत बसलाय. आमची प्रयागबाई सकाळ-संध्याकाळ तिथं दिवा लावते आणि माझ्यावर ओरडते, "देवाला चिलापी मासळीच्या वासात बसवलंत, तुमाला लाज न्हाय!" पाऊस झाला की देऊळ परत पाण्याखाली. मग देव वर्षभर होडीतच.

तुम्हा गेलेल्यांची मला गंमत वाटते. जत्रेत पहिल्या रांगेत बसणार, मटणात मीठ कमी म्हणणार, 'गावाची ओढ' म्हणून डोळे पुसणार आणि अंधार पडायच्या आत गाडीला किल्ली. फ्लेमिंगो बरे. दरवर्षी येतात, मुक्काम करतात आणि ओढीबद्दल भाषण देत नाहीत.

वहिनींना नमस्कार. ऋतिकचा बूट सापडला, वाळत घातलाय.

आपला,
महिपती

ता.क. येत्या रविवारी पुन्हा उचलायची आहे. तुमच्या आणि आबांच्या घरातर्फे रामप्रवेशचे दोन भाऊ उभे राहतील, आबांनीच कबूल केलंय. खांदा एकच कमी पडतो. तुम्ही स्वतः या. अनवाणी या.

ता.क. दुसरा. तो कमी पडणारा खांदा माझा. रविवारी मी बारामतीत असेन. तुमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा घ्यायचाय. लिफ्टचं खरं काय ते कळवा. आणि रामप्रवेशला यातलं काही बोलू नका, तो मला गावचा माणूस समजतो.