अक्रोडाच्या टेबलाची पोच

“वहिनी, एक दिवस तुला माझ्या तोंडचा एकच शब्द लागेल, आणि मी तो देणार नाही.” माझी नणंद आउरिका हे मला नुचेत गावच्या दूध संकलन केंद्राच्या पायरीवर म्हणाली, त्याला छत्तीस वर्षं झाली. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं नोटरीबाईंनी सांगितलं. पण मी हे लिहायला बसले ती या वाक्यामुळेच, तेव्हा ते वरच राहू दे.

मी, वेतुरिया कर्स्तेआ, कै. पावेल कर्स्तेआ यांची पत्नी, वय एकाहत्तर, पूर्वी राहणार नुचेत, हल्ली राहणार क्रायोव्हा, रोमानिया, हे पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबावाबद्दल शंभर टक्के खात्री देत नाही. मुलगी दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा कागदाकडे न बघण्यासाठी तिनं बरेच कष्ट घेतले.

१. ही तिसऱ्या मजल्यावरची एका खोलीची जागा माझी मुलगी लाविनिया हिला मिळावी. ती याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. नुचेतचं पाच खोल्यांचं घर विकून इथं यावं हे तिनंच सुचवलं. “आई, अडतीस चौरस मीटर आहे, तुझं सगळं मावेल,” असं म्हणाली. मी दोरीनं मोजलं, चौतीस भरलं. वरचे चार बाल्कनीचे. खोटं म्हणता येणार नाही, पण दुधात गेलेलं पाणीही पांढरंच दिसतं.

सामानाचे अकरा खोके मी स्वतः बांधले होते. सातव्याची गाठ इथं आल्यावर माझी नव्हती. मी दुहेरी मारते. लगेच सगळं काढून मोजलं. कमी काही नव्हतं. एक बरणी जास्त होती, आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची, मला लागतो तशा बिनसाखरेची. त्याबद्दल मी तिला अजून विचारलेलं नाही. जागा तिचीच.

२. नुचेतचं घर विकलं गेलं, त्यामुळे त्याबद्दल काही ठरवण्याचा मला अधिकार नाही. एवढंच नोंदवते की “अंगणातला अक्रोड तोडणार नाही” असं सांगताना घेणारा गृहस्थ झाडाकडे एकदाही बघत नव्हता.

३. माझा लॅक्टोमीटर, काचेचा, डाव्या खणात, लोकरी मोज्यात गुंडाळलेला. एकतीस वर्षं मी याच्याकडे बघून गावाचं दूध घेतलं किंवा परत पाठवलं. पाणी निघालं की केंद्राच्या फळ्यावर नाव लिहायचं, असा नियम होता. नियम मी केला नव्हता, पण खडू माझ्या हातात असायचा. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आउरिकाच्या किटलीत पाणी निघालं. मी तिचं नाव लिहिलं, सख्ख्या नणंदेचं. माणसं नंतर मला म्हणाली, काय न्यायी बाई आहे. मला ते आवडलं. आउरिकाला मात्र गाव पुढे कित्येक वर्षं विचारत राहिलं, “काय गं, आज गाईनं किती बादल्या दिल्या? रहाट नीट फिरतोय ना?”

हा लॅक्टोमीटर आउरिकाला द्यावा. फोडायचा की ठेवायचा हे तिनं ठरवावं.

४. इथं जे मावणार नव्हतं ते मी निघण्यापूर्वीच दान केलं. आमच्यात माणूस जिवंतपणी आपल्या हातानं पलंग, पांघरूण, दिवा, बादली देऊन टाकतं, म्हणजे मेल्यावर त्या बाजूला ते त्याच्यासाठी मांडलेलं असतं. गेलेल्याच्या नावानं घरचे देतात. अट एकच. घेणाऱ्यानं सर्वांसमक्ष ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणायचं, म्हणजे देव क्षमा करो. नुसतं ‘आभारी आहे’ म्हटलं तर वस्तू इथंच राहते. गप्प राहिलं तरी इथंच.

पलंग मास्तरीणबाईंनी घेतला, म्हणाल्या. सहा खुर्च्या सहा घरी गेल्या, सगळे म्हणाले. एक जण तोंडात वडी असताना म्हणाला, त्याला मी पुन्हा म्हणायला लावलं.

अक्रोडाचं मोठं टेबल मी पावेलच्या नावानं आउरिकाला दिलं. इथल्या दारातून ते आत येत नाही, आडवं करूनही नाही. पावेलनं चाळीस वर्षं त्याच टेबलावर जेवण केलं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्याच्या नावानं ताटं दिली, रुमाल दिले, मेणबत्त्या दिल्या, पण टेबल माझ्याकडेच होतं. म्हणजे नऊ वर्षं तो ताट हातात घेऊन उभाच असणार.

आउरिकानं टेबलावर तळवा ठेवला. माझ्याकडे बघितलं. अंगणात सगळे थांबले, पाद्रीबाबा खोकले. ती काही बोलली नाही. टेबल मात्र गाडीत घालून नेलं.

नको होतं तर नेलं कशाला? हा प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारते आहे. आधी वाटलं, त्यावर रोज कोपरं टेकून मनात हसत असेल. मग वाटलं, आउरिका तो शब्द म्हणणार नाही हे लाविनियाला माहीत होतं आणि तिनं मला अडवलं नाही. हल्ली संशय माझ्यावर येतो.

५. याचं कारण लिहिलं नाही तर हे मृत्युपत्र खोटं ठरेल. जाण्याच्या दोन दिवस आधी, हॉस्पिटलात, पावेल म्हणाला, “त्या दिवशी आउरिकाची किटली केंद्रावर मी आणली होती, आठवतं? वाटेत घरी थांबलो. पोरीला ताप होता, आपली गाय आटलेली. दोन पेले काढून घेतले आणि आपल्या विहिरीचं पाणी ओतलं. वाटलं, तू आपल्या माणसाचं तपासणार नाहीस.”

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास.

“तू नाव लिहून मोकळी झाली होतीस. आणि मग सगळे तुझं कौतुक करत होते.”

एकतीस वर्षांत मी गावातल्या प्रत्येक किटलीवर संशय घेतला. ती किटली आणून देणाऱ्या माझ्याच नवऱ्यावर घेतला नाही. पोरगी ते दूध प्यायली आणि बरी झाली. हे कळूनही मी नऊ वर्षं आउरिकाला सांगितलं नाही. त्याऐवजी टेबल दिलं. तिला ते तेव्हाच कळलं असेल का, की मी तिचं तोंड लाकडानं बंद करते आहे? ती हुशार आहे. कर्स्तेआंच्या घरात तेवढी एकच.

६. बाकी भांडी, कपडे आणि मुरंब्याची बरणी (अजून उघडलेली नाही) लाविनियाची.

स्थळ क्रायोव्हा, दिनांक १८ ऑक्टोबर २०२३.
सही: वेतुरिया कर्स्तेआ

साक्षीदार पहिला: सेप्तिमियु बालान, दुसरा मजला. (गृहस्थ न वाचताच सही करत होते. मी बसवून वाचायला लावलं.)

साक्षीदार दुसरा: स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागतच नाहीत, असं नोटरीबाई म्हणतात. तरी ही ओळ मी आउरिकासाठी रिकामी सोडली आहे. रविवारी सकाळच्या बसनं हा कागद घेऊन मी स्वतः नुचेतला येते आहे. आउरिका, न वाचता तू सही करणार नाहीस, म्हणून सगळं लिहिलं. वाचून झालं की सही नाही केलीस तरी चालेल. फक्त त्या टेबलाशी बस आणि मोठ्यानं एकदा ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हण. माझ्यासाठी नको, तुझा भाऊ उभा आहे म्हणून म्हण. तू म्हणणार नाहीस, हे धरूनच मी परतीचंही तिकीट काढलं आहे.