भिवंडीतला एकमेव संग्राहक

५ जानेवारी
रूट कॅनल. आल्हादकडे. हा डॉ. आल्हाद आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, क्लिनिक धामणकर नाक्यावर. माझ्या तोंडात दोन्ही हात घालून त्याने बातमी दिली, अण्णा, मी फोनोग्राफ घेतला. मला वाटलं ग्रामोफोन. तो म्हणाला, नाही, त्याच्याही आधीचा. तबकडी नाही, मेणाची नळी. वाजतो आणि आवाज टिपतोसुद्धा.
भिवंडीत जुनी ध्वनियंत्रं जमवणारा माणूस एकच आणि तो मी. हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना नव्हतं त्यांना मी सांगितलेलं आहे. यावर मला आल्हादशी बरंच बोलायचं होतं. तोंडात कापूस होता.
घरी येऊन नीलाला म्हटलं, पोराला कोणीतरी टोपी घातली. ती म्हणाली, तुमचा गाल सुजलाय, बोलू नका.

६ जानेवारी
संकल्प : आल्हादकडे फोनोग्राफ बघायला जायचं नाही. त्याने बोलावलं तरी नाही. आपण ज्येष्ठ.
संध्याकाळी ७ : गेलो. त्यांचा पेपर आमच्याकडे आला होता, तो द्यायला. (कालचा.)
शिवणयंत्राएवढी लाकडी पेटी, काळा भोंगा, बाजूला चावी. अगदीच लहान. माझ्या ग्रामोफोनचा भोंगा पितळी आहे आणि याच्या दुप्पट. तसं त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, हो ना अण्णा, तुमचा भारीच आहे. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?
हेवा वगैरे मला वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

१९ जानेवारी
वाचनालयात गेलो. कार्यवाह रामनाथ म्हणाले, मराठी भाषा दिनाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. दारासमोरच्या मोठ्या टेबलावर ध्वनियंत्र, पुढे संग्राहकाच्या नावाचं कार्ड. माझं नाव कसं लिहावं हे मी त्यांना सांगणार, तेवढ्यात म्हणाले, ज्याचं वाजेल त्याचं ठेवू.
म्हणजे आल्हाद आधीच भेटून गेला.
माझी यंत्रं तीन. एकाची स्प्रिंग तुटली आहे, एकाचा साउंडबॉक्स गळतो, तिसऱ्यावर नीलाने मनीप्लांट ठेवलाय. तो तात्पुरता. संकल्प : महिन्याभरात तिन्ही वाजती करायची.

२५ जानेवारी
आल्हाद गेल्या रविवारी वळ गावात गेला होता. तिथली काशीआजी त्याची पेशंट, कवळी त्यानेच बसवली. आजी लग्नात धवले गाणारी धवलारीण. आता हळदीला डीजे लागतो, आजीला कोणी बोलावत नाही. आल्हादने भोंग्यासमोर बसवून तिचा एक धवला मेणाच्या नळीवर घेतला. दोन मिनिटांचा. मोबाइलवर का नाही घेतलास, मी विचारलं. म्हणाला, मोबाइलवर कोणीही घेतं अण्णा.
ऐकायला बोलावलं. गेलो. भोंग्यातून आधी खरखर, मग एकदम म्हातारीचा आवाज, पातळ आणि लख्ख, आपल्याच स्वयंपाकघरातून यावा तसा. नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. मला सर्दी आहे.
रात्री झोप नाही. त्याला आवाज सापडला, मला इतक्या वर्षांत स्प्रिंग सापडत नाही.

२८ जानेवारी
ठरलं. मोठं टेबल आल्हादला. आजी स्वतः येणार, वळहून टेम्पो भरून माणसं आणणार, सगळ्या जावा-नणंदांना स्वतःचा आवाज ऐकवणार. माझी यंत्रं जिन्याखाली, चपलांच्या रॅकशेजारी. रामनाथ म्हणाले, तिथे वर्दळ जास्त असते.

३ फेब्रुवारी
दैव देतं ते असं. आल्हादच्या घरी रंगकाम निघालं. फोनोग्राफ घेऊन माझ्याच दारात आला. म्हणाला, अण्णा, तुमच्याशिवाय हे कोणाच्या हातात देणार? फक्त नळी फार वाजवू नका, मेण आहे.
मी हसलो. अरे, तुझे दुधाचे दात पडायचे होते तेव्हापासून मी सुया बदलतोय. ग्रामोफोनमध्ये झिजते ती सुई. म्हणून दर गाण्याला नवी सुई लावतात, तबकडीला काही होत नाही. याच्या फोनोग्राफला तर सुईऐवजी टोकाला खडा आहे, नीलमण्याचा. तोही झिजत नाही. म्हणजे झिजण्याचा प्रश्नच मिटला. दंतवैद्याला हे कसं कळणार?

५ फेब्रुवारी
ध्वनिमुद्रणाचा तटस्थ अभ्यास सुरू केला. दोष शोधायचे, प्रदर्शनाआधी आल्हादला सांगायचे. त्याच्याच भल्यासाठी. आतापर्यंत : सुरुवातीला एक खोकला. मध्ये लांब कुठेतरी ट्रकचा हॉर्न (वळला गोदामं आहेत, चालायचंच, पण दोष तो दोष). शेवटच्या ओळीत आजीचा श्वास तोकडा. खात्री करायला पुन्हा पुन्हा ऐकलं.
दुपारी नीलाची भिशी. बायकांना ऐकवलं. यंत्र माझं आहे असं मी म्हणालो नाही. माझं नाही असंही म्हणालो नाही. तुळजाताई म्हणाल्या, अण्णा, केवढा हो तुमचा व्यासंग! घरी आलेल्या पाहुण्याचं म्हणणं खोडून काढायची आपली पद्धत नाही.

९ फेब्रुवारी
दूधवाला, वॉचमन, कुरिअरवाला, गॅसवाला, सर्वांना ऐकवलं. लोकांमध्ये अभिरुची आहे, दाखवणारा पाहिजे. गॅसवाला दोनदा ऐकून गेला.
माझी स्प्रिंग बघायला नाक्यावरचा पॉवरलूमचा मेकॅनिक आला होता. त्यालाही लावून दाखवलं. म्हणाला, अच्छा है चाचा, मगर आवाज जरा धीमा है. त्याच्याकडून लूमचं तेल घेऊन फोनोग्राफच्या चाकांना घातलं. यंत्र आता गुळगुळीत फिरतं. आवाज तेवढाच.
माझ्या स्प्रिंगबद्दल विचारायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी
आजीचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. आधी स्वयंपाकघरात होती, आता शेजारच्या बिल्डिंगमध्ये. नीलाला विचारलं, तिलाही तसंच वाटतं. उघड आहे. वयाप्रमाणे दोघांचेही कान गेले.

१३ फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. या डॉक्टरांबद्दल माझं मत पूर्वी चांगलं होतं.
नीला म्हणाली, रोज इतक्या वेळा वाजवता, मेणच ते, किती टिकणार? तिला तबकडीचं शास्त्र पुन्हा समजावलं. ती भाजी निवडत होती. मध्येच उठून गेली.
ती गेल्यावर खात्रीसाठी लावून पाहिलं.

१६ फेब्रुवारी
रंगकाम संपलं. यंत्र परत दिलं. आल्हादने लावून बघितलं नाही, कपाटात ठेवून दिलं, म्हणाला, आता एकदम प्रदर्शनात. वर काजूकतली दिली, सांभाळल्याबद्दल. खाल्ली. गोड जरा जास्त होती.
दोषांची यादी सांगायची राहिली. पुन्हा केव्हातरी.

२७ फेब्रुवारी
वाचनालय खचाखच. आजी आली, नऊवारी, केसांत अबोली, मागे टेम्पोतली सगळी माणसं. पुढच्या खुर्चीवर बसली आणि जावांना सांगितलं, आता गप ऱ्हावा, माजा आवाज ऐका.
आल्हादने चावी दिली. भोंग्यातून नुसती खरखर. कढईत काहीतरी तळत ठेवावं तशी. खूप मागे कोणीतरी गोधडीत तोंड घालून कण्हल्यासारखं. दोन मिनिटं संपली.
आल्हादचं तोंड उतरलं. ५ जानेवारीपासून मी त्या तोंडाची वाट पाहत होतो. दिसलं तेव्हा बघवलं नाही. हे का, ते मला कळलेलं नाही.
आजी उठली. भोंग्यात वाकून बघितलं. म्हणाली, यो माजा आवाज न्हाय. माजा आवाज पार खाडीवर ऐकू जायाचा. जावा हसल्या. आजी हसली नाही. खुर्चीवर बसून पदराने तोंड पुसत राहिली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.
आल्हाद सर्वांसमोर म्हणाला, चूक माझी, माझ्या कपाटात उन्हाने नळी तापली असणार. अण्णांनी तर जिवापाड सांभाळली. सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. रामनाथांनी हात मिळवला. या वेळी तोंडात कापूस नव्हता. तरी मी बोललो नाही. भर सभेत त्याचा मुद्दा खोडणं बरं दिसलं नसतं.
घरी येताना नीला रिक्षात पलीकडे बघत बसली.

२ मार्च
आल्हादकडे एकच कोरी नळी शिल्लक आहे. आजी म्हणाली, अजून एकदा गाते, मग न्हाय, दम लागतं. त्याच्या घरात अजून रंगाचा वास आहे, आजीला सोसत नाही. नीला त्याला म्हणाली, आमच्याकडे घ्या.
म्हणजे मुद्रण माझ्या घरी! माझ्या संग्रहाच्या सान्निध्यात! नळीसोबत ठेवायच्या कार्डचा मजकूर तयार केला : ‘मुद्रणस्थळ व मार्गदर्शन : अण्णा.’ मनीप्लांट खाली काढला. नीलाने परत ठेवला.

६ मार्च
शुक्रवार मुद्दाम धरला, लूम बंद असतात. आजी माझ्या खुर्चीवर बसली. भोंगा धरायला मी पुढे झालो आणि कुठे, कसं, किती लांबून गायचं ते तिला सांगायला लागलो. आजीने ऐकून घेतलं. मग आल्हादला म्हणाली, बाला, या दादाला भायेर पाठव, यो मधी मधी बोलतं.
भोंगा नीलाने धरला.
मला जिन्यात उभं केलं. काम जबाबदारीचं : कोणी येऊ द्यायचं नाही, लिफ्ट वाजू द्यायची नाही. तळमजल्याची पोरं बॅट घेऊन वर येत होती, त्यांना हाताने थांबवलं. मासेवाली ओरडणार तेवढ्यात तिच्यापुढे हात जोडले. तीही बिचारी टोपली घेऊन पायरीवर बसली. बंद दारातून आजीचं गाणं नुसतं पुसट येत होतं. मासेवालीने मान डोलावली. ती म्हणाली, आमच्या आयशीच्या लग्नातलं हाय हे.
दार उघडलं तेव्हा सगळे खूश. आजी चहा पीत होती. आल्हाद म्हणाला, अण्णा, तुमच्यामुळे झालं. कार्डवर काय लिहू? मी मजकूर दाखवला. त्याने वाचला, मार्गदर्शन खोडलं आणि ‘जिन्यातील शांतता’ असं लिहिलं. विचारलं, चालेल ना? म्हटलं, चालेल.
नळीवर आजी गायला लागायच्या आधी थोडी जागा आहे. तिथे काहीच ऐकू येत नाही. ते काहीच नसणं माझं आहे, इतकं स्वच्छ कोणाला जमलं नसतं. आल्हादला म्हटलं, तेवढीच सुरुवात एकदोन वेळा लावून बघू का?
तो म्हणाला, नको अण्णा, झिजते ती.
नीलाने मान वर केली नाही. आल्हादने नळी कापसात गुंडाळली आणि दोन्ही हातांत धरून वर आपल्या घरी घेऊन गेला.