निळ्या कॅनच्या तळाचा गोल

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, काम बालवाडीत दुरुस्तीचे व टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्याचे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणी भाग न पाडता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. ताई म्हणते, "तुला नुसती शिंक आली तरी तू वारस नेमशील." तरीही लिहितो.

१. खोली भाड्याची आहे. बँकेत जे असेल ते ताईला द्यावे.

२. हत्यारे बालवाडीची नसून माझी आहेत. ती माझ्या जागी येईल त्याला द्यावीत. त्यात ड्रिल मशीन नाही. ते दाजींनी एका दिवसासाठी नेले, त्याला दोन वर्षे झाली. आता ते त्यांचेच समजावे, पण मी विसरलो असे समजू नये.

३. माझ्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून त्या बालवाडीतल्या बाहुल्यांत भराव्यात. आधी बटणे काढावीत. मुले तोंडात घालतात.

४. हे कलम माझ्या मृत्यूनंतर मोठ्या बाईंनी पालकांसमोर मोठ्याने वाचावे.

घरोघरचे रिकामे डबे, बाटल्या आमच्याकडे येतात. मदतनीस मावशी प्रत्येक डबा धुऊन त्याचा वास घेत. पसंत पडला तर तळाला लाल खडूने गोल काढत, नाही तर 'नको'च्या खोक्यात टाकत. गोल असल्याशिवाय मी कशालाही कात्री लावायची नाही, असा नियम होता.

सहा महिन्यांपूर्वी, एका आठवड्यात कचऱ्याची एकही पिशवी बाहेर जाणार नाही, असे मी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. शुक्रवारी 'नको'च्या खोक्यात फक्त एक निळा कॅन उरला. लेबल नव्हते. मी तो तीनदा विसळला, तोंड कापून झाडांना पाणी घालायची झारी केली, आणि खडू घेऊन तळाला गोल मीच काढला. फळ्यावर 'कचऱ्याच्या पिशव्या : शून्य' असे लिहिले गेले. टाळ्या वाजल्या.

कॅनमध्ये तुंबलेली मोरी मोकळी करायचे औषध होते. कॅनची मूठ पोकळ असते. तिच्यात ते राहिले होते. सोमवारी एका चार वर्षांच्या मुलीच्या तळहाताला फोड आले. ते महिन्याभराने बरे झाले, पण ती आजही झारीला हात लावत नाही.

मोठ्या बाईंनी कॅन उलटा करून विचारले, "मावशी, गोल तुमचाच ना?"

मावशींनी बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "माझाच दिसतो. नाकच गेलं वाटतं माझं."

मी तिथेच फळीचा स्क्रू पिळत उभा होतो. स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता, तरी पिळत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मावशींना घरी बसवले. त्यांचे नाक शाबूत आहे. त्यांनी कॅन नापास केला होता. दोष सर्वस्वी माझा आहे.

५. हे कलम नंतर वाढवले आहे. वरील मजकूर घेऊन आज मी मावशींकडे साक्षीच्या सहीसाठी गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. चौथे कलम दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "सहा महिने झाले, दूध नासलंय का ते मी शेजारणीला विचारतेय. रोज. तिला वाटतं, म्हातारी खुळावली."

मी मान खाली घातली.

"म्हणजे तू मेलास तर माझं नाक परत येणार. आणि वाचलास तर रे?"

मी कागद परत ओढून घेतला आणि पेन उघडले.

म्हणून चौथ्या कलमातील पहिले वाक्य रद्द करत आहे. ते कलम उद्या सकाळी साडेआठ वाजता, पालक मुलांना सोडायला येतात तेव्हा, फाटकापाशी मी स्वतः वाचीन. त्या मुलीच्या आईला जे बोलायचे असेल ते ऐकून घेईन.

ठिकाण : मावशींचे स्वयंपाकघर
दिनांक : बारा, मंगळवार

लिहिणाऱ्याची सही : केली आहे.

साक्षीदार पहिला : बालवाडीचा रखवालदार. सही केली आहे.

साक्षीदार दुसरी : मावशी. सही केलेली नाही. "उद्या फाटकाशी येते. तुझं ऐकून झालं की करीन," म्हणाल्या. जागा मोकळी ठेवली आहे.