हैदराबादहून परत येताना

मंगळवार, संध्याकाळ

आज आण्णांना घेऊन विमानानं परत आलो. वडिलांचं ऑपरेशन आता होणार नाही, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं. आण्णांना स्वतःला अजून ठाऊक नाही. स्वस्तातलं तिकीट, म्हणून जागा लांब मिळाल्या. ते पुढं खिडकीपाशी, मी तीन रांगा मागं. बरंच झालं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही. तासभर त्यांच्या टोपीकडं बघत बसलो. उतरताना ते शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "पावणं, त्यो बघा आमचा कळंबा तलाव!"

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पुढच्या तपासणीला बी विमानानंच जाऊया की."

मी "व्हय" म्हणालो. कसं म्हणालो?

आता स्वयंपाकघरात ते आईला ढगांचं सांगतायत. आई हसतेय. मला खोलीबाहेर जायचं धाडस होत नाही.