राजूरवालीला मी घराबाहेर काढलं

आई, राजूरवाली गेली! काल सकाळी टेम्पो आला, तिचं कपाट, गाद्या, शेगडी आणि तुळशीचं डबडं घेऊन वळणावरून दिसेनासा झाला, आणि मी आत येऊन कडी घातली. दिवसाढवळ्या कडी! आपल्या सोनईच्या घराला दिवसा कडी लागलेली तू तरी कधी बघितलीस का? मग काय केलं सांगू? चहा टाकला. कुणाला 'तुम्हाला टाकू का?' असं न विचारता टाकलेला एक कप चहा. तो हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. मधली खोली रिकामी झालीय, बोललं की आवाज घुमतो. मी चक्क ओरडले, 'माझं घर!' रिटायर झालेली बाई, शेजारणीने ऐकलं असेल तर म्हणाली असेल, हिचं डोकं फिरलंय. म्हणू दे.

तुला सांगायलाच हवं, कारण तिला ठेवलंस तू. शाळेत खिचडी शिजवायला राजूरकडून आलेली विधवा बाई, 'दुसरीकडे खोली मिळेपर्यंत राहील,' असं तू मला फोनवर म्हणालीस. मी म्हटलं, कागद कर, तर माझ्यावरच उखडलीस. 'बाईमाणसाचा कसला गं कागद करतेस?' झालं! मधली खोली तिची, स्वयंपाकघर दोघींचं. तू गेलीस, ती राहिली. भाडं वेळेवर पाठवायची, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण मी पुण्याहून सगळं सामान घेऊन कायमची राहायला आले, तर दारात तीच उभी. 'या ताई, बसा. पानी देते.' बसा! माझ्या घरात मला बसा! मीठ कुठल्या डब्यात, तिला विचारायचं. सिलिंडर कधी लावला, तिलाच ठाऊक. मी गॅसपाशी गेले की 'तुमी ऱ्हाऊ द्या' म्हणून पुढे यायची. ती गोड बोलायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तुला जागेचं कधी काही वाटलंच नाही. माझं बारावीचं वर्ष आठवतं? खिडकीपाशी टेबल लावलंय, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलंय, मी गणितं सोडवतेय, आणि तू मावसभावाला घेऊन आत येतेस. 'हा आता इथे बसेल, कॉलेजसाठी आलाय. तू कोठीच्या खोलीत बस.' मी रडले, तर त्याच्यादेखत म्हणालीस, 'जागा काय उरावर बांधून न्यायचीय का?' ज्वारीच्या पोत्यांना टेकून मी बारावी केली. पुढे सासरी जावाजावांच्या घरात माझ्या वाट्याला एक ट्रंक आणि तिच्यामागची भिंत. हे गेल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये माझी कॉट हॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की मी आडवी होणार. मुलगा गुणी आहे, सूनही प्रेमळ आहे, पण आई, मला दार नव्हतं. मी लावलं की लागेल असं एक दार हवं होतं मला. मरायच्या आत एकदा तरी एकटीने एका घरात राहून बघायचं होतं, आणि हे घर सोडून दुसरं घर मला कुठलं?

म्हणून नेवाशाला वकिलाकडे गेले. मला वाटलं होतं, कागदच नाही म्हटल्यावर काय, 'उद्या सामान उचला' म्हटलं की झालं. वकील हसायलाच लागला. म्हणाला, 'मॅडम, उलट आहे. करार लिहून घेणं मालकाचं काम. तुम्ही घेतला नाहीत, पण भाडं घेत राहिलात, म्हणजे ती भाडेकरूच. कागद नसला तर कोर्ट आधी तिचं म्हणणं ऐकणार. तिच्या सामानाला हात लावू नका, लाईट-पाणी तोडू नका, नाहीतर तुम्हीच अडकाल. रीतसर नोटीस पाठवा.' पाठवली. आणि इथे माझी अक्कल बघ! पत्ता कुठला? आपल्याच घराचा. आम्ही दोघी मागच्या पायरीवर मेथी निवडत बसलोय आणि पोस्टमन पुढून हाका मारतोय. तिने जाऊन सही केली, पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. 'ताई, वाचा की. माझा चष्मा आत हाय.'

काय करणार? वाचली. माझीच नोटीस, माझ्याच तोंडाने. 'सदर जागेचा ताबा मुदतीत न दिल्यास' वगैरे वगैरे. कानशिलं नुसती तापली होती. ती खाली मान घालून काड्या खुडत होती. वाचून झालं तसं म्हणाली, 'खाली तुमचंच नाव हाय ना?'

'हो.'

'मंग नेवाशावरनं कशापायी धाडलं? मी हितंच तर बसलेय.' जुडी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली. 'बाईंनी मला तोंडानं ठिवली. तुमी तोंडानं काढा. पोस्टमनच्या हातनं मी न्हाई जायची.'

तुझी शपथ घेऊन सांगते, सासूला नाही, जावांना नाही, पोटच्या मुलालाही मी कधी 'हे मला हवंय' असं म्हटलेलं नाही. मनात म्हटलं, आत्ता नाही तर मग कधीच नाही. आणि बोलले! 'मावशी, मला हे घर एकटीला हवंय. तुमचं काही चुकलं नाही. पण इथे मला कुणीच नकोय. तुम्ही दुसरीकडे जा.' इतकं हलकं वाटत होतं की हसू येईल की काय अशी भीती वाटली.

'आसं व्हय,' ती म्हणाली. 'मंग जाते. शाळंला सुट्टी लागू द्या.' पुन्हा मेथी हातात घेतली आणि वर म्हणते कशी, 'बाईंना न्हाई जमलं हे. दोनदा सांगाया आल्या माझ्याकडं, दोन्ही टायमाला च्या पिऊन गेल्या.'

मी म्हटलं, 'काय सांगायला?'

'हेच की. जा म्हनून. मला कळत हुतं, ताई. पन मला जायाला ठिकान न्हवतं, मी गप बसले. त्यास्नी बी एकटीनं ऱ्हायाचं हुतं.'

आई! अगं, मला बोलायची नाहीस का? मला पोत्यांपाशी बसवणारी तू, कुणीही आलं की अंथरूण घालणारी तू, आणि तुलाही आतून हेच हवं होतं? मला आधी तुझा राग आला, मग इतकं हसू आलं की तीही हसायला लागली. तुझ्या त्या दोन चहांची मला नक्कल करून दाखवली तिने, पदर सावरणं, खोकणं, 'यंदा थंडी जास्त आहे नाही,' सगळं. हुबेहूब तू.

आता ती किराणा दुकानाच्या मागे राहते. तिथल्या मालकाकडून म्हणे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. 'आमी बी शिकलो,' म्हणाली. काल निघताना मी तिची ओटी भरायला तांदूळ घेतले, तर मागे सरली. 'मला कशाला, ताई?' म्हटलं, घ्या हो. घेतली. डोळे पुसले तिने, मीही पुसले. आणि टेम्पो वळल्याबरोबर कडी घातली, ते तुला सांगितलंच.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर एवढं धडाधड लिहिलं. आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. रंग द्यायचा म्हणून मी आज तुझा फोटो भिंतीवरून काढला. रंग काही पुढच्या आठवड्याशिवाय सुरू होत नाही, आणि झाला तरी लगेच लावेन असं वाटत नाही. तू समोर असलीस की मी ताठ बसते, आल्यागेल्याचं बघते, दार उघडं टाकते. तू दिवाळीपर्यंत कपाटातच राहा.