काठीवाल्याचा दगड

ता. ८ मार्च ५६
जात्याला टाकी लावायला वडारीण आली होती, दुर्गव्वा. जातं पार गुळगुळीत झालेलं, पीठ रव्यासारखं पडायचं. सून ठका म्हणायची हात थकले. हात कशाचे थकतात, दगड थकला. दुर्गव्वा छिन्नीसारखी टाकी धरून हातोडीनं ठकठक करत बसली. बघून बघून माझे हात शिवशिवायला लागले. म्हणलं, दे इकडं. ती म्हणाली, "बोट चेचलंस म्हातारे, तर माझ्या नावानं बोंबलू नगंस." चेचलं. बोंबलले नाही. खालची तळी अर्धी माझ्या हातची. संध्याकाळची भाकरी मऊ झाली.

ता. १२ मार्च
दुर्गव्वाची झिजलेली टाकी घेतली, शेरभर शेंगदाणे देऊन. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. टाकी दाबायची नाही, चालवायची. आणि दगड वाजवून घ्यायचा. खणखण वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. हे मला शिकवायला नको, जन्मभर मडकी वाजवून घेतली.
कालव्याच्या पुलाचे उरलेले दगड माळाला पडलेत. पुतण्या म्हाकूनं दोन गाडीत घालून आणले. विचारतो, काकी, ह्याचं करणार काय. म्हणलं तुझ्या डोक्यात घालणार.

ता. २० मार्च
दगडात मासा काढला. बघणाऱ्याला बेडूक वाटतो.
पाण्यावर बायका म्हणतात, देव देव करायच्या वयात म्हातारी वडारणीचा धंदा करती. साक्षरतेच्या वर्गात जायला लागले तेव्हाही ह्याच बोलल्या. वही तिथलीच. मास्तर म्हणतो आजी, रोज चार ओळी लिहा. रोज कुठलं. मासाही रोज होत नाही.

ता. २ एप्रिल
मोठा दगड घेतला. आता माणूस काढायचा. पुढ्यात बघायला काही पाहिजे, म्हणून बांधावर मालक गेल्यावर मांडलेला दगड आहे तो बघून आले. आमच्या धनगरांत सगळ्या गेलेल्यांचे सारखेच. माणूस, हातात काठी, पायाशी कुत्रं. तोंड कुणाचंच ओळखू येत नाही. मालकांचंही नाही, तीस वर्षं संसार करून. वडाराला एकच तोंड येत असणार. मी काढीन तर ओळखू येईल असं.

ता. १२ एप्रिल, पाडवा
गुढी उभी केली. माझा धुळा दिवाळीपासून कोकणात, भावकीतल्या भिवातात्यांच्या मेंढरांबरोबर. आता परतीला लागले असतील. ठका दरसाल जाते, यंदा बाळंतीण म्हणून राहिली. पोरगी चार महिन्यांची झाली, बापानं अजून बघितली नाही.
दगडात काठी जमली. मेंढका उभा राहतो तसा उभा केला, एका पायावर पाय टाकून, काठीला रेलून. कुत्रं मागनं काढीन.

ता. २४ एप्रिल
आज वाईट झालं.
ठका पोरीला कडेवर घेऊन आली नि दगडापाशी उभीच राहिली.
"ह्यो कुणाचा दगड, आत्याबाई?"
म्हणलं, कुणाचा नाही, माझा. मी घडवला.
"ह्यो त्यांचा हाय."
मग मी बघितलं. इतके दिवस नाक बघत होते, पटका बघत होते, माणूस बघितलाच नव्हता. डावा कान मी फाटका काढलाय. लहानपणी बोरीच्या काट्यात फाटलेला, धुळ्याचा कान. उभं राहणं धुळ्याचं. हनुवटी धुळ्याची. हातानं मला न विचारता काढलं सगळं.
मेलेल्याचा दगड नि त्यावर जित्या पोराचं तोंड. त्याच्या आईनं घडवलेलं.
ठका म्हणाली, फोडा. हातोडी उचलली. मारू कुठं? डोक्यात? छातीत? खाली ठेवली. ठका म्हणाली, मग मी फोडते. तिनं पण उचलली. तिनं पण ठेवली.

ता. २७ एप्रिल
ठका बोलत नाही. ताट आदळते, पण बोलत नाही. बोलली असती तर मीही बोलले असते, बरं वाटलं असतं.
दगडावर गोणपाट टाकलं. फोडवत नाही. पुरा करवत नाही, पुरा झालेला दगड कुणीतरी मांडायलाच लागतो. अर्धा ठेवला तर बसतो बघत. डोळे अजून काढलेले नाहीत, तरी.

ता. ४ मे
भिवातात्यांची मेंढरं आली. धूळ ओढ्यापासून दिसली. ठका केस सारखे करून बांधावर गेली.
वाघ्या कुत्रं आलं. गळ्यात तुटकं दावं. धुळा नाही.
तात्या पाणी प्यायले. मग म्हणाले, वहिनी, नऊ दिवस झालं, घाटाखाली ताप भरला, चालवंना. एका गवळ्याच्या गोठ्यात ठेवला. कुत्रं त्याच्यापाशीच बांधलेलं, ते दावं तोडून दुसऱ्या दिवशी मागनं आलं. "चारा संपला व्हता. मेंढरं थांबत न्हाईत, वहिनी."
मी म्हणलं, "मेंढरं मोजून आणली न्हवं, तात्या? येखादं मागं राह्यलं असतं म्हंजे."
तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. बरं केलं.
नऊ दिवस बोटावर मागं मोजले. ठकानं दगड बघितला त्याचा दुसरा दिवस येतो. तिला सांगितलं नाही. तिची बोटं पण पदराखाली हालत होती.

ता. ५ मे
म्हाकू पहिल्या येष्टीनं गेला. घाट उतरून गोठा हुडकायचा, धु.ला बघायचं, लगेच कार्ड टाकायचं. भाकरी बांधल्या, सुंठ दिली, घोंगडं दिलं. म्हाकूला म्हणलं उलटसुलट लिहू नको, मला जोडाक्षरं लागत नाहीत.
नाव पुरं लिहायला आज हात होत नाही.

ता. ८ मे
कार्ड नाही.
गोणपाट काढून दगड वाजवला, उगीच. बद्द वाजला.
मानेपाशी केसाएवढी रेघ आहे. घेतला तेव्हा खणखणत होता, दोनदा वाजवलेला. माझ्याच घावानं गेली का उन्हानं, काय कळायला मार्ग नाही. आपोआप फुटला तर मुंडकं वेगळं होणार.
उचलवत नव्हता तरी लोटत लोटत सावलीत नेला. मग ध्यानात आलं, आजाऱ्याला हालवतात तसा हालवला.  दुपारी जेवले नाही, ठकाला म्हणलं दाढ दुखती. ती म्हणाली दाढा हायत कुठं. चार दिवसांत तेवढंच बोलली.

ता. १० मे
दुर्गव्वाला हुडकत पळसदेवला गेले. बारामतीहून भिगवण, तिथनं पुढं. नदीकाठच्या जुन्या देवळापाशी त्यांची पालं पडलीत, पायऱ्यांचे दगड घडवतात.
देवळाच्या आवारात तसलेच दगड उभे, ओळीनं. काठीवाले, घोड्यावरचे, तलवारवाले. कोण होते कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांच्या आया मेल्या. मला तिथं बसवंना.
दुर्गव्वाला सगळं सांगितलं. दगडाचं, कानाचं, तापाचं, चिरेचं. ती बिडी ओढत ऐकत होती. म्हणलं, तुमच्यात ह्याला काय करतात. म्हणाली आमच्यात अशी चूकच करत न्हाईत, वळखीचं तोंड काढायला आमाला येतंय कुठं. मग मला नदीवर नेलं. एक बाई गोधडी आपटत होती. दुर्गव्वानं तिला उठवलं नि म्हणाली, खालनं हात घाल. घातला. दगडाच्या खालच्या अंगाला बोटाला पाय लागले, काठी लागली. पालथा पडलेला दगड, बायका किती सालं धुणं धुतात त्यावर.
"ह्याला कुणी फूल वाह्यलं का? न्हाय. कामातल्या दगडाला मेलेला कोण म्हणतंय? तुझ्याला कामाला लाव."
म्हणलं, आणि चीर? म्हणाली, बारीक घाव घाल. जास्त विचारू नगंस, मी काय देव हाय.

ता. १३ मे, अखिती
पितरांना पाणी. मातीचा करा भरून ठेवला, वर आंबा. एकच भरला, मालकांचा. ठका दारात उभी राहून मोजत होती. एकच आहे बघून आत गेली.
नैवेद्य झाल्यावर तिला हाक मारली. म्हणलं, धर, दगड पालथा करायचा.  दोघींनी धरला. तोंड खाली जाताना ठकानं डोळे मिटले. मी नाही मिटले, बोटं सापडली असती.
पाठ बऱ्यापैकी सपाट आहे. पाटा होईल.

ता. १६ मे
पाटा टाकवते. एक घाव, थांबायचं, वाजवायचं. बद्दच वाजतो, पण रेघ पाठीवर आलेली नाही. मानेच्या जागेवर आले की टाकी बाजूला ठेवते. तेवढी वीतभर जागा दोन दिवस सोडलेली. सोडून चालायचं नाही, वाटण तिथंच सरकणार.
कार्ड नाही. वाघ्या पुलावर जाऊन बसतं, भाकरीपुरतं येतं.
भिवातात्या येऊन गेले. चांगली वरवंट्याजोगी गोटी ओढ्यातनं शोधून आणली होती. ठेवली नि गेले. मी या म्हणले नाही, बसा म्हणले नाही. गोटी ठेवून घेतली.

ता. १७ मे
मानेवरची जागा टाकवली. सकाळपासून उन्हं वर येईस्तो वीतभर. टाकी चालवली, दाबली नाही. फुटला नाही.  ठका लांबून बघत होती, पोरगी रडत होती तरी हालली नाही.

ता. १८ मे
कार्ड आलं.
ठकाला वाचून दाखवलं, बोट ठेवून ठेवून. गोठा सापडला. धु. तिथं नाही. ताप उतरल्यावर पाच दिवसांमागं आपल्या पायानं निघाला. मी घाटानं विचारत येतो, म्हाकू.
ठका म्हणाली, "एवढंच?"
"एवढंच."
कार्डावर आणखी एक ओळ आहे. गवळी नको म्हणत होता, ह्याला उभं राहवत नव्हतं, ऐकलं नाही. ती वाचली नाही. ठकाला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. कार्ड माझ्या हातातनं घेतलं, बघितलं, देव्हाऱ्यात ठेवलं. 
पायी. घाट चढून. म्हाकूनं कार्ड टाकल्यालाही तीन दिवस झाले असतील. बऱ्या माणसाला सहा-सात दिवसांची वाट. हिशोब करत नाही. केला तर दर वेळेला निराळा येतो.

ता. २० मे
पाटा धुऊन, ज्वारी वाटून कच काढली. दोनदा काळं पाणी गेलं, तिसऱ्यांदा साफ. चुलीशेजारी मांडला. खाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली. दगड डुगडुगतो म्हणून. दुसरं काही नाही.
पहिलं वाटण ठकानं वाटायचं म्हणलं. ती पाट्यापुढं बसली, मांडी घातली, परत उठली, पोरीला माझ्याकडं दिलं, परत बसली. मिरच्या, लसूण, मीठ घेतलं. मानेची जागा कुठं आहे ते तिला न सांगता कळलंय, तिथं गोटी हळू नेत होती.
चार मिरच्या घेतल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "किती घेऊ?"
घरात दोघी. मला तिखट सोसत नाही, ती अंगावर पाजती.
वाघ्या मघाशी पुलावरनं भुंकत होतं. इथं दिवसभर गाड्या जातात, कशालाही भुंकतं. आता गप आहे. मी उठले नाही. पोरगी मांडीवर होती.
म्हणलं, धुळ्याला तिखट लागतं. मूठभर घे.